उकळलेला धोटा

वास दारातच गाठायचा. सुताला लावायची खळ म्हणजे खरं तर गव्हाच्या पिठाची पेज, पण ती दोन दोन दिवस मडक्यात आंबत पडलेली असे, आणि कमरीपेठेतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा माग, वीस बायका आणि कण्हणारा एक पंखा यांच्या संगतीत आणखीच आंबत असे. मधुवंतीने पहिल्या दिवशी ओढणी नाकाला लावली ती डबा खायच्या वेळेपर्यंत काढली नाही. डबा उघडला तर काकडीच्या कोशिंबिरीलाही तोच वास. तिने झाकण लावलं आणि उपाशी बसली.

किळस ही मधुवंतीची लहानपणापासूनची सोबतीण. बसची दांडी ती दोन बोटांनी धरायची. कुणाकडे चहाला गेली की कप आधी उजेडाकडे धरून बघायची आणि मग कान जिथे असतो त्याच्या अगदी जवळून प्यायची, कारण तिथे सहसा कुणाचं तोंड लागत नाही. लोक हसत. तिला वाटे, हसू देत, घाणेरडं राहण्यापेक्षा हसं झालेलं बरं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी अशी बाई विणकाम शिकायला आली होती, आणि तेही खड्ड्याच्या मागावर. म्हणजे जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, खाली पायांनी पावड्या दाबायच्या, वर हाताने दोरी ओढायची. खड्ड्यात सुताचा कोंडा साठलेला, त्यात झुरळं. पायांवरून काही तरी सरकलं की ती किंचाळायची आणि बाकीच्या एकोणीस जणी माना वळवून बघायच्या.

तरी ती रोज यायची. नवनगरहून बस धरून, रुमालात कापूर बांधून. कारण एका सहकारी संस्थेने चालवलेल्या ह्या सहा महिन्यांच्या वर्गाच्या शेवटी ज्यांचं कापड पास होईल त्यांना संस्था घरी बसवायला माग देणार होती, आणि सूतही पुरवणार होती. घरी माग म्हणजे आपलं आपण काम, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. नवऱ्याचं घर सोडून ती भावाकडे आली त्याला सात वर्षं झाली होती. भाऊ सुधींद्र वकील, स्वभावाने गरीब, बायकोपुढे आणखी गरीब. वहिनीचं नाव दीपश्री. ती मधुवंतीला कधी एक शब्द वाकडा बोलली नव्हती. फक्त मधुवंती दिवाणखान्यात बसली की ती जरा वेळाने येऊन तिथल्या उशा नीट करायची. सात वर्षं रोज कुणी आपल्यामागून उशा नीट केल्या की माणसाला दुसरीकडे कुठे तरी बसायची जागा हवीशी वाटते. मधुवंतीने सुधींद्रला विचारून ठेवलं होतं. मागच्या अंगणातली स्कूटर ठेवायची खोली तो देणार होता, पण आधी माग मिळाला पाहिजे.

अडचण एकच होती. माग दहा आणि बायका वीस, म्हणून शिकवणाऱ्या मास्तरांनी जोड्या लावल्या. एका मागावर दोघी, आळीपाळीने. कापड दोघींचं मिळून एकच, पास तर दोघी पास. आणि मधुवंतीच्या वाट्याला आली गोदावरी.

गोदावरी अळणावरजवळच्या खेड्यातली. पहाटेच्या पॅसेंजरने यायची. हाडापेराने दणकट, बोलायला तुटक, आणि मिश्री लावायची. सकाळी एकदा, डबा खाल्ल्यावर एकदा, परतीच्या गाडीआधी एकदा. हिरड्या काळ्या, ओठांच्या कडा काळ्या, बोटाचं टोक काळं. मिश्री लावून झाली की शेडच्या मागे जाऊन ती असं काही थुंकायची की मधुवंती कान झाकून घ्यायची. तेवढंही तिने सोसलं असतं. पण धोटा होता.

धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडाची टोपी. पोटात सुताची कांडी बसवायची आणि कडेला बारीक भोक असतं त्यातून सुताचं टोक बाहेर काढायचं. मग दोरी ओढली की धोटा ताण्याच्या उभ्या तारांमधून इकडून तिकडे पळतो आणि आडवं सूत सोडत जातो. आता त्या बारीक भोकातून सूत बाहेर काढायचं कसं? कृष्णप्पा मास्तरांनी पहिल्या आठवड्यात दाखवलं. त्यांनी धोटा उचलला, भोकाला ओठ लावले आणि चुंबन घेतल्यासारखा आवाज करून सूत ओढून घेतलं. जिभेवरचं सूत दोन बोटांनी काढून दाखवलं. "अष्टे," ते कानडीत म्हणाले. "एवढंच."

मधुवंतीला वाटलं, थट्टा चालली आहे. पण एकेका जोडीने धोटे उचलले आणि शेडभर फुर्र फुर्र आवाज सुरू झाले. गोदावरीने आपल्या त्या मिश्रीच्या तोंडाने सूत ओढलं, चार बोटं विणलं, कांडी संपली तशी नवी कांडी घालून धोटा मधुवंतीपुढे धरला. भोकाभोवती लाकूड ओलं होतं, आणि त्या ओलाव्याला काळसर कड होती.

"वडा की सूत, अक्का," गोदावरी म्हणाली.

मधुवंती खड्ड्यातून उठली, शेडच्या मागे गेली आणि ओकली.

त्यानंतर तिने सगळे उपाय केले. घरून सुई आणून सूत ओवायचा प्रयत्न केला, तर सुईने भोकाची कड खरवडली जाऊन सूत तुटायला लागलं आणि मास्तरांनी सुई काढून घेतली. दुसरा धोटा मागितला. मास्तर म्हणाले, धोटा जिथे जाऊन थांबतो त्या ह्या मागाच्या पेटीला हाच नीट बसतो, दुसरा घातला तर उडून कुणाचा तरी डोळा फोडेल. शेवटी ती धोट्याला ओठ लावायला शिकली, पण कशी? आधी रुमालाने पुसायचा, मग कापूर चोळायचा, मग श्वास कोंडून, डोळे मिटून, एका झटक्यात. लगेच बाटलीतल्या पाण्याने चूळ भरायची. दर कांडीला हा सोहळा. गोदावरीने बोटभर विणलं असतं तेवढ्या वेळात हिचं नुसतं पुसणंच चालायचं. गोदावरी हे सगळं बघायची. आपली पाळी आली की कापराच्या वासाने एकदा शिंकायची.

चौथ्या महिन्यात परीक्षेचं कापड चढलं. निळ्या काठाचं, सहा मीटर. आणि ते निम्मं होत आलं तेव्हा मधुवंतीच्या ओठाच्या कोपऱ्यावर एक फोड आला. साधा उन्हाळ्याचा फोड. पण मधुवंतीने आरशात तो फोड बघितला आणि तिला त्या फोडात गोदावरी दिसली, गोदावरीच्या हिरड्या दिसल्या, शेडमागची काळी थुंकी दिसली. त्या शनिवारी सगळ्या गेल्यावर तिने धोटा एकावर एक अशा तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि घरी आणला.

घरात शुद्ध करायची रीत तिला ठाऊक होती. घरातलं सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, फिटलं की आजी भांडी अशीच शुद्ध करायची. पाणी खळखळा उकळायचं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. रविवारी दुपारी दीपश्री माहेरी गेली होती तेव्हा मधुवंतीने एका पातेल्यात धोटा घालून अर्धा तास उकळला. पाणी चहासारखं तपकिरी झालं. वर तेलकट तवंग आला, त्यात काळे कण. ती नाक धरून त्याकडे बघत राहिली. तिला इतकी शिसारी आली आणि इतकं समाधान वाटलं की तिने ते पाणी टाकून दुसऱ्या पाण्यात पुन्हा उकळला. मग गॅसच्या शेगडीजवळ वाळवला. वर्षानुवर्षं तेल पिऊन गुळगुळीत झालेलं लाकूड पांढरंफटक आणि खरखरीत झालं होतं. तिच्या डोळ्यांना ते स्वच्छ दिसलं.

संध्याकाळी दीपश्रीने पातेलं बघितलं.

"ह्यात काय केलंत?" तिने विचारलं.

"मागाचा धोटा उकळला. नीट घासून ठेवलंय मी."

"त्या बायका तोंडात घालतात तो?" दीपश्री म्हणाली. तिने पातेलं चिमटीत धरलं, मागच्या दारी नेऊन ठेवलं आणि हात धुतले. मधुवंती ओट्याशी उभी होती तिथून ती जरा अंग चोरून आत गेली.

सोमवारी धोटा मागावर होता. पहिली पाळी गोदावरीची. तिने सूत ओढून घेतलं आणि क्षणभर थांबली, जीभ टाळूला लावून काही चाखल्यासारखं केलं. मग पावडी दाबली, दोरी ओढली. विणत राहिली. दुसरी कांडी अर्धी झाली असेल. उकळून फुगलेलं आणि वाळून चिरलेलं लाकूड, त्यातून टोकाची लोखंडी टोपी ढिली झालेली. ती ताण्याच्या तारांत अडकली, धोटा मधेच थांबला, आणि गोदावरीच्या हाताने सवयीने सूत ठोकून बसवायची फणी जोरात पुढे ओढली. ठोका कापडावर बसायचा तो धोट्यावर बसला. आवाज झाला तो कापड फाटल्याचा नव्हे, कौलावर मूठभर वाळू पडावी तसा. दीडशेच्या वर तारा तटातट तुटल्या. निम्मं विणून झालेल्या कापडापुढे वीतभर रुंदीचं भगदाड पडलं.

कृष्णप्पा मास्तर धावत आले. साठीचा माणूस, सहसा आवाज न चढवणारा. त्यांनी भगदाड बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"काय माडिदि, काय केलंस, गोदव्वा? फणी कशी मारलीस?" ते ओरडले. "किती वेळा सांगितलं, तुझा हात जड आहे म्हणून! कुदळ नाही ही, माग आहे!"

गोदावरी धोटा हातात घेऊन बसली होती. तिने तो उलटा केला, सुलटा केला, पांढऱ्या लाकडावरून अंगठा फिरवला. मग तिने मधुवंतीकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मधुवंतीच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. मी उकळला. दोनच शब्द. पण त्याच क्षणी तिला स्कूटरची खोली दिसली, तिच्या भिंतीला लागून मांडलेला माग दिसला, आणि दीपश्रीचा उशी थोपटणारा हात दिसला. ती गप्प बसली.

मास्तरांनी दुपारी निकाल दिला. तुटलेल्या तारा गोदावरीने जोडून द्यायच्या. मग तिने मागावर बसायचं नाही, कांड्या भरायच्या. परीक्षेला ह्या मागावर मधुवंतीचं एकटीचं नाव. "तुमचं नुकसान नको, मेडम," ते मधुवंतीला म्हणाले. "तुमचं काम हळू आहे, पण स्वच्छ आहे." त्यांनी स्वतःच्या घरून एक जुना, नीट तेल प्यालेला धोटा आणून ह्या पेटीला तासून बसवला.

तर आता मधुवंतीला माग एकटीचा मिळाला होता, धोटा एकटीचा मिळाला होता, आणि मिश्री गेली होती. इतके महिने देवाकडे जे मागितलं ते सगळं. आणि खरं सांगायचं तर पहिला एक तास तिला आनंदच झाला. मनातल्या मनात का होईना, तो इतका उघडा आनंद होता की तो ओळखू आल्यावर तिला स्वतःच्या अंगाचा वास यायला लागला. तिने कापूर हुंगला. वास तसाच राहिला.

दोन दिवस गोदावरी तारा जोडत बसली. एक तुटकं टोक घ्यायचं, दुसरं शोधायचं, चिमूटभर नवं सूत मधे द्यायचं, बोट जिभेला लावायचं आणि ओल्या चिमटीत पीळ द्यायचा. थुंकीशिवाय पीळ बसत नाही. दीडशे तारा, प्रत्येकीला दोन जोड. शेजारच्या ओट्यावर बसून मधुवंती बघत होती, कारण तिला दुसरं काम नव्हतं. आंबलेल्या खळीचं सूत पुन्हा पुन्हा जिभेला लागून गोदावरीची जीभ दुसऱ्या दिवशी चिरली. बोटावर लाली दिसली. तिने ते बोट लुगड्याला पुसलं, दुसरं बोट घेतलं.

"पाणी हाय काय, अक्का?" तिने मान वर न करता विचारलं.

मधुवंतीने बाटली उघडली आणि पुढे वाकून वरून धार धरली. गोदावरीने ओंजळ केली. बाटलीचं तोंड ओंजळीपासून वीतभर उंच होतं. धार सुरू झाल्यावर मधुवंतीला कळलं की आपला हात आपसूकच एवढा उंच गेला आहे. तो खाली आणणं तिला जमलं नाही.

गोदावरी पाणी प्याली, तोंड पुसलं.

"कशात उकळला?" तिने विचारलं. "सोड्यात?"

मधुवंतीने बाटलीचं झाकण लावलं.

"चार वर्सं धारवाडात भांडी घासलोय मी, बामणांच्या घरात. सोड्याची चव मला कळतीय. तोंड लावताच कळलं."

"मग तू मास्तरांना का नाही सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?" गोदावरी म्हणाली. तिने पुढची तार उचलली. "मी उकळलो काय?"

मधुवंती उठली. थेट मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली. ते हिशेबाची वही बाजूला ठेवून म्हणाले, "एनु, मेडम? काय झालं?" आणि मधुवंतीने विचारलं, निळं सूत पुरेल ना काठाला? पुरेल, ते म्हणाले. ती परत येऊन बसली. त्या दिवशी बसमध्ये तिने दांडी पूर्ण मुठीने धरली होती, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. घरी जेवली नाही. आरशात बघितलं तर फोड सुकला होता. ओठ स्वच्छ होता. ह्या स्वच्छ तोंडाने आपण सूत पुरेल का विचारलं, हे आठवलं आणि तिने दात घासले, मग पुन्हा घासले.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. शेड भरेपर्यंत थांबली. मग खड्ड्याच्या काठावर उभी राहून, नको इतक्या मोठ्या आवाजात, कानडीत बोलली, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको. धोटा मी घरी नेला. मला गोदावरीच्या तोंडाची घाण वाटत होती म्हणून सोड्यात उकळला. दोनदा. तारा तिच्या हाताने नाही तुटल्या, माझ्यामुळे तुटल्या. आणि हे मला सोमवारीच ठाऊक होतं.

शेडभर माना वळल्या. पंखा कण्हत होता. मास्तरांनी तो पांढरा, चिरलेला धोटा फळीवरून काढला, नखाने खरवडला, नाकाशी नेला.

"माझ्या अप्पांचा होता हा," ते कानडीतच म्हणाले. "तीस वर्षं त्यांनी तोंड लावलं, मग मी." आणि त्यांनी तो परत फळीवर ठेवला. मधुवंतीकडे त्यांनी बघितलंच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मधुवंतीच्या चांगल्या ओळखीचं होतं. आजवर ते तिने फक्त आतून अनुभवलं होतं, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर स्वतःसाठी आलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"दोघी बसा," ते म्हणाले. "नाव दोघींचं."

पुढचे पाच आठवडे दोघी विणत होत्या. मधुवंतीने रुमाल आणणं बंद केलं, कापूर बंद केला, चूळ भरणं बंद केलं. गोदावरीने सूत ओढलेला धोटा हातात आला की ती तसाच ओठांना लावायची. किळस यायची ती यायचीच, त्याला इलाज नव्हता, पण ती गिळून टाकायची. तिची अशी समजूत होती की गोदावरी हे बघते आहे आणि हळूहळू मन निवळत असेल. बोलणं कामापुरतं व्हायचं. पावडी दाबा, तार गेली, कांडी संपली.

कापड पास झालं. तपासायला आलेल्या बाईंनी ते उजेडाकडे धरलं तेव्हा मधोमध वीतभर रुंदीत जोडांच्या गाठींची बारीक पुरळ दिसली. हे काय, त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, शिकताना होतं. दोघींच्या नावापुढे माग लिहिला गेला.

निघण्याआधी मास्तरांनी सगळ्यांना मागावर उरलेला ताणा विणून संपवायला सांगितलं. शेवटची कांडी मधुवंतीने घातली. सूत ओढलं, अगदी सहज, एका फुर्रमध्ये, आणि ती हसली. इतकं सफाईने पहिल्यांदाच जमलं होतं. तिने दोन बोटं विणलं आणि धोटा गोदावरीपुढे धरला.

"शेवटचं तू विण," ती म्हणाली.

गोदावरीने धोटा घेतला. सूत तुटलं होतं, पुन्हा ओढावं लागणार होतं. तिने पदराचं टोक घेतलं, भोकाभोवतीचं लाकूड पुसलं. बघितलं. आणि पुन्हा एकदा, नीट दाबून, पुसलं.

मधुवंतीचं हसू राहिलं तिथेच राहिलं.

"अजून राग आहे तुझा," ती म्हणाली.

"राग न्हाई, अक्का. तवाच गेला." गोदावरी खरंच रागावलेली दिसत नव्हती. जरा अवघडलेली दिसत होती, पाहुण्यांच्या घरी न आवडणारं पुढ्यात आल्यासारखी. "तुम्ही सांगितलं, चांगलं केलं. पर दोन दिवस तुम्ही शेजारी बसून बघितलंसा न्हवं? माझी जीभ फुटोस्तर. ते तोंड हितं लागलंय म्हटल्यावर मला कसं तरी होतंय. मी काय करू त्याला?"

मग तिने ओठ लावले, सूत ओढलं आणि शेवटची दोन बोटं विणून कापड कापलं.

माग पंधरा दिवसांनी नवनगरला आला. स्कूटरच्या खोलीत, भिंतीला लागून. सुधींद्रने हार घातला, दीपश्रीने लांबूनच कुंकवाचं बोट लावलं आणि दोघं गेली. नवा माग, नवा धोटा, ज्याला सुताराच्या हाताखेरीज काही लागलं नव्हतं. मधुवंतीने दार लावलं. खळ तिने त्याच सकाळी ताजी केली होती, तिला वासच नव्हता. तिने कांडी घातली, सूत ओढलं आणि दुपारपर्यंत विणलं. कांडी संपली. नवी घालून तिने धोटा तोंडाजवळ नेला आणि थांबली.

भोकाभोवती लाकूड ओलं होतं. तिचंच तोंड, दुसरं कुणाचं लागणार तिथे? तिने ओढणीचं टोक घेतलं आणि ते पुसलं. बघितलं. मग पुन्हा एकदा पुसलं.